आय-लीग २०१४-१५ आणि पुण्याचे दोन क्लब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राष्ट्रीय पातळीवरच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये एकाच वेळी पुण्याचे दोन संघ खेळले, असा हंगाम २०१४-१५ चा. त्या हंगामाबद्दल वाचकांकडून सातत्याने येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. त्या वर्षी देशाची अव्वल लीग कोणती होती, आय-लीग की आयएसएल?

आय-लीग. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६-९७ मध्ये सुरू झाली, २००७-०८ पासून तिची जागा आय-लीगने घेतली आणि २०१४-१५ हा आय-लीगचा आठवा हंगाम होता. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४ या काळात पार पडला. तिच्याभोवती झगमगाट मोठा होता, परंतु आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब स्पर्धांमध्ये भारताकडून कोण जाणार हे तेव्हा तिच्यावरून ठरत नव्हते. आयएसएलला आशियाई महासंघाची मान्यता २०१७ मध्ये मिळाली.

२. आय-लीगमध्ये त्या हंगामात किती आणि कोणकोणते संघ होते?

अकरा. कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. गोव्याचे डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग. शिलाँगचे शिलाँग लाजाँग आणि रॉयल वाहिंगडोह. बेंगळुरू एफसी, मुंबई एफसी, आणि पुण्याचे पुणे एफसी व भारत एफसी. म्हणजे अकरापैकी तीन संघ महाराष्ट्राचे होते, गोव्याच्या बरोबरीने. हे प्रमाण आज अनेकांना खरे वाटत नाही.

प्रत्येक संघ उरलेल्या दहा संघांशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर, खेळला. एका संघाचे २० सामने, संपूर्ण लीगचे ११०. संघांची संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक फेरीत एका संघाला विश्रांती असे. हंगामाच्या मध्यावरचा जुना गुणतक्ता पाहताना काही संघांचे सामने इतरांपेक्षा कमी दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

३. पुणे एफसी, भारत एफसी, एफसी पुणे सिटी आणि डीएसके शिवाजियन्स हा एकच क्लब होता का? नावे बदलत गेली का?

नाही. हे चार वेगवेगळे क्लब होते, चौघांचे मालक वेगळे होते, आणि सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत होतो.

पुणे एफसी २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने स्थापन केला. तो दुसऱ्या श्रेणीतून खेळून वर आला आणि २००९-१० पासून २०१४-१५ पर्यंत आय-लीगमध्ये होता. भारत एफसी हा पुण्याच्याच कल्याणी समूहाचा क्लब. तो आय-लीगमध्ये फक्त २०१४-१५ हा एकच हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा संघ; तो २०१४ पासून खेळू लागला आणि २०१९ मध्ये बंद झाल्यावर त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. चौथा क्लब डीएसके शिवाजियन्स. शिवाजियन्स हे पुण्याच्या स्थानिक फुटबॉलमधले जुने नाव. डीएसके समूहाच्या पाठबळावर हा क्लब २०१५-१६ मध्ये आय-लीगमध्ये आला आणि २०१६-१७ नंतर दिसेनासा झाला.

डेव्हिड त्रेझेगे याला बालेवाडीत खेळताना पाहिल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी एफसी पुणे सिटीचा, म्हणजे आयएसएलचा, सामना पाहिलेला असतो. फ्रान्सचा हा विश्वविजेता आघाडीपटू आय-लीगमध्ये कधीच खेळला नाही. त्यामुळे ‘२०१४-१५ मध्ये पुण्याचे किती संघ होते’ या प्रश्नाला दोन उत्तरे संभवतात : अव्वल लीगमध्ये दोन, आणि आयएसएल धरून तीन.

४. पुणे एफसीची त्याआधीची कामगिरी कशी होती?

आज जेवढी आठवली जाते त्याहून पुष्कळ चांगली. २००९-१० मध्ये पदार्पणातच हा संघ तिसरा आला. २०१२-१३ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली तो उपविजेता ठरला. विजेत्या चर्चिल ब्रदर्सचे ५५ गुण होते आणि पुण्याचे ५२. जपानमध्ये जन्मलेला आणि वडिलांकडून भारतीय असलेला आराता इझुमी याच क्लबकडून खेळत असताना भारताचा नागरिक झाला आणि पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय संघात आला.

महाराष्ट्रातील क्लबांमध्ये पुणे एफसीच्या वर तेव्हा केवळ एकच नोंद होती : मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये जुनी राष्ट्रीय लीग जिंकली होती.

२०१४-१५ साठी पुणे एफसीने मोरोक्कोचे करीम बेन्शरिफा यांना प्रशिक्षक म्हणून आणले. साळगावकरला २०१०-११ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे हेच बेन्शरिफा. त्या हंगामात मात्र पुणे एफसी विजेतेपदाच्या शर्यतीत अखेरपर्यंत टिकला नाही आणि संघ गुणतक्त्याच्या मध्यावर राहिला.

५. भारत एफसीला खालच्या श्रेणीत न खेळता थेट प्रवेश कसा मिळाला?

आय-लीगमध्ये येण्याचे तेव्हा दोन मार्ग होते. पहिला मार्ग दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवण्याचा. पुणे एफसी त्या मार्गाने आला आणि २०१४-१५ मध्ये रॉयल वाहिंगडोहही त्याच मार्गाने आला. दुसरा मार्ग थेट प्रवेशाचा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ नव्या शहरांतून किंवा नव्या उद्योगसमूहांकडून प्रस्ताव मागवीत असे आणि आर्थिक बळ व इतर अटी पाहून एखाद्या नव्या क्लबला सरळ अव्वल लीगमध्ये घेत असे.

बेंगळुरू एफसी २०१३-१४ मध्ये याच दाराने आला आणि पहिल्याच वर्षी विजेता झाला. या यशामुळे थेट प्रवेशाच्या धोरणाला मोठे बळ मिळाले असावे. भारत एफसीच्या वाट्याला ते यश आले नाही. इंग्लंडचे स्टुअर्ट वॉटकिस यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेला हा संघ गुणतक्त्यात अकरावा, म्हणजे शेवटचा आला. ज्या शहरात अव्वल लीगचा एक क्लब पाच वर्षे खेळत होता त्याच शहरात थेट प्रवेशाने दुसरा क्लब आणण्यात नव्या प्रदेशात खेळ नेण्याचा हेतू कितपत साधला, ही शंका तेव्हाही घेता आली असती.

६. दोन्ही संघांचे घरचे मैदान बालेवाडीच. मग पुण्याच्या दोन संघांमधील सामना कोणाच्या घरचा?

कागदावर एक सामना पुणे एफसीच्या घरचा आणि दुसरा भारत एफसीच्या घरचा. प्रत्यक्षात दोन्ही वेळा श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलच. एकाच मैदानावर दोन क्लब असणे नियमबाह्य नाही. मिलानचे दोन्ही मोठे क्लब वर्षानुवर्षे एका स्टेडियमवर खेळत आले आहेत. यजमान कोण हे कार्यक्रमपत्रिकेत ठरलेले असते आणि सामन्याची व्यवस्था, तिकिटे व सुरक्षा यांची जबाबदारी त्या दिवशीच्या यजमानाकडे असते.

बालेवाडीची खरी अडचण निराळी होती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलातले मुख्य मैदान मुळात ॲथलेटिक्सचे. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये धावपट्टीच्या सगळ्या लेन पसरलेल्या असतात, त्यामुळे पलीकडच्या गोलपोस्टसमोर झालेली झटापट पहिल्या रांगेतूनही नीट कळत नाही. शिवाय लक्ष्मी रस्ता, कॅम्प किंवा हडपसरहून कामाच्या दिवशी बालेवाडीला वेळेत पोहोचणे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही.

७. विजेतेपदाचा निर्णय खरोखरच शेवटच्या सामन्यात झाला का?

होय, आणि कार्यक्रमपत्रिका मुद्दाम आखूनही इतका नेमका शेवट साधला नसता. ३१ मे २०१५ रोजी, रविवारी, बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियमवर गतविजेता बेंगळुरू एफसी आणि मोहन बागान समोरासमोर आले. सामन्यापूर्वी बागानचे ३८ गुण होते आणि बेंगळुरूचे ३६. बागानला बरोबरी पुरेशी होती, बेंगळुरूला विजयाखेरीज पर्याय नव्हता.

पूर्वार्धाच्या अखेरीस जॉन जॉन्सनने बेंगळुरूला आघाडी मिळवून दिली. त्या क्षणी बेंगळुरूचे ३९ गुण होत होते आणि बागानचे ३८. करंडक यजमानांकडेच राहणार असे उत्तरार्धाचा बराच काळ दिसत होते. ८७ व्या मिनिटाला बागानला कॉर्नर मिळाला, बचावपटू बेलो रझाक पुढे आला आणि त्याने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. सामना १-१ असा सुटला. बागान ३९, बेंगळुरू ३७.

मोहन बागानने राष्ट्रीय लीग शेवटची जिंकली होती ती २००१-०२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी हे विजेतेपद आले. संजय सेन यांनी प्रशिक्षक म्हणून बांधलेल्या या संघात हैतीचा सोनी नॉर्दे आणि जपानचा कात्सुमी युसा होते. हंगामात सर्वाधिक १७ गोल मात्र ईस्ट बंगालच्या रँटी मार्टिन्सने केले.

८. दोघांचे गुण समान झाले असते तर निर्णय कसा लागला असता?

त्या दिवशी समान गुण होणे शक्यच नव्हते. दोघांमध्ये दोन गुणांचे अंतर होते आणि एका सामन्यातून विजेत्याला तीन, बरोबरीत प्रत्येकी एक गुण मिळतो. त्यामुळे शेवटचे आकडे ३९-३८, ३९-३७ किंवा ४१-३६ यांपैकीच एक असणार होते.

एरवी अशा बरोबरीसाठी जगभर मुख्यतः दोन पद्धती चालतात. इंग्लंडमध्ये संपूर्ण हंगामाचा गोलफरक (केलेले आणि स्वीकारलेले गोल यांतील फरक) आधी पाहतात, तर स्पेनमध्ये संबंधित संघांच्या आपसांतल्या सामन्यांचे निकाल आधी पाहतात. कोणत्याही लीगचा गुणतक्ता वाचण्यापूर्वी तिथे कोणती पद्धत आहे हे पाहून घ्यावे. गोलफरकाचा रकाना छापलेला असतो म्हणून निर्णय त्यावरूनच होतो असे नाही.

९. शेवटच्या क्रमांकावर भारत एफसी होता, तर खालच्या श्रेणीत डेम्पो का गेला?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत जास्त रागाने विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांत गोव्याचे मराठी वाचक अधिक असतात.

थेट प्रवेश मिळालेल्या क्लबला सुरुवातीच्या काळापुरते घसरणीपासून संरक्षण असे. मोठी रक्कम गुंतवून आलेला मालक पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत फेकला जाऊ नये, हा त्यामागचा विचार. त्यामुळे अकरावा आलेला भारत एफसी सुरक्षित राहिला आणि घसरणीची कुऱ्हाड दहाव्या क्रमांकावरच्या डेम्पोवर पडली. डेम्पो हा साधासुधा क्लब नव्हता. २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग, तसेच २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग अशी पाच विजेतेपदे त्याच्या नावावर होती.

नियम हंगामापूर्वीच ठरलेला होता, सर्व क्लबांना माहीत होता, आणि त्यामुळे डेम्पोवर नियमबाह्य अन्याय झाला असे म्हणता येत नाही. तरीही आमच्या मते हा नियम वाईट होता. घसरणीची भीती हा लीगच्या तळातल्या सामन्यांचा प्राण असतो. एका संघाला त्या भीतीतून मोकळे केले की त्याच्याशी खेळणाऱ्या प्रत्येक संघाच्या सामन्याचे वजन बदलते. पुढे जे घडले (प्रश्न ११ आणि १२ पाहा) त्याने तर या संरक्षणाचा हेतूही फोल ठरला.

१०. मैदानावर टिकवलेली जागा केवळ कागदपत्रांमुळे जाऊ शकते का?

जाऊ शकते, आणि २०१४-१५ सुरू होण्यापूर्वीच ती तीन क्लबांची गेली होती. आशियाई महासंघाच्या क्लब परवाना पद्धतीत पाच बाजू तपासल्या जातात : क्रीडाविषयक, म्हणजे प्रामुख्याने युवा संघ, पायाभूत सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाबी, आणि आर्थिक स्थिती. या निकषांवर चर्चिल ब्रदर्स, कोलकात्याचा युनायटेड स्पोर्ट्स क्लब आणि शिलाँगचा रंगदाजीद युनायटेड बाहेर पडले. अकरा संघांच्या यादीत चर्चिलचे नाव का नाही, या प्रश्नाचे उत्तर हेच. ज्या चर्चिलने २०१२-१३ मध्ये पुणे एफसीला मागे टाकून लीग जिंकली होती, तो क्लब दोन वर्षांत लीगमध्येच नव्हता.

११. हंगाम संपल्यावर पुण्याचे दोन्ही क्लब बंद का झाले?

दोघांनाही कोणी घालवले नाही. दोघांच्या मालकांनी २०१५ मध्ये माघार घेतली. पुणे एफसी घसरणीच्या जागेवर नव्हता आणि भारत एफसीला तर संरक्षणच होते. तिसरा आलेला रॉयल वाहिंगडोहही त्याच सुमारास बाहेर पडला. पदार्पणात तिसरा क्रमांक मिळवून लगेच बाहेर पडणारा संघ इतरत्र शोधूनही सापडणे कठीण.

कारणांबद्दल मतभेद होऊ शकतात. तिकिटांतून आणि प्रक्षेपणातून मिळणारे उत्पन्न खर्चाच्या तुलनेत तोकडे होते, दूरचित्रवाणीचे आणि प्रायोजकांचे लक्ष आयएसएलकडे वळले होते, आणि दोन्ही लीगांचे पुढे काय होणार याचे स्पष्ट उत्तर क्लबमालकांना मिळत नव्हते. प्रवास, निवास, परदेशी खेळाडूंचे करार आणि युवा संघ यांवर दरवर्षी पैसा ओतायचा आणि आपली लीग तीन वर्षांनी अव्वल असेल की नाही हेही ठाऊक नाही, अशा परिस्थितीत उद्योगसमूहाचा हिशेब लवकर होतो. ‘पुण्यात प्रेक्षकच नाहीत’ हे स्पष्टीकरण आम्हाला पुरेसे वाटत नाही, कारण शिलाँगमध्ये फुटबॉलसाठी सारे गाव लोटते आणि वाहिंगडोह तरीही टिकला नाही. पुणे एफसीची अकादमी पुढे एफसी पुणे सिटीकडे गेली, त्यामुळे क्लबाचा तो भाग आणखी काही वर्षे चालू राहिला.

१२. एवढे क्लब बाहेर पडल्यावर डेम्पोला परत का घेतले नाही?

घसरण कायम ठेवण्यात आली. २०१५-१६ ची आय-लीग नऊ संघांची झाली. दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून मिझोरमचा ऐझॉल एफसी आला आणि थेट प्रवेशाने पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स. म्हणजे ज्या वर्षी पुण्याचे दोन क्लब गेले त्याच वर्षी तिसरा आला, आणि नावांचा गोंधळ (प्रश्न ३ पाहा) आणखी वाढला.

डेम्पोने दुसऱ्या श्रेणीत खेळून २०१५-१६ मध्ये ती जिंकली आणि वर येण्याचा हक्क नियमाप्रमाणे कमावला. पण तोपर्यंत गोव्यातील क्लबांचा लीगच्या भवितव्याबद्दलचा विश्वास उडालेला होता, आणि साळगावकर व स्पोर्टिंगबरोबर डेम्पोनेही लीगबाहेर राहणे पसंत केले.

ऐझॉलची कथा उलटी आहे. हा संघ २०१५-१६ मध्ये खाली गेला, रिकाम्या झालेल्या जागांमुळे त्याला परत घेतले गेले आणि २०१६-१७ मध्ये त्याने लीग जिंकली. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील हे आपल्याला मुंबई एफसीचे प्रशिक्षक म्हणून ओळखीचे. घसरलेल्या संघाला परत घेणे एका वर्षी शक्य नव्हते आणि पुढच्याच वर्षी शक्य झाले, यात सुसंगती शोधू नये.

१३. क्लब बंद झाला की त्याचे निकाल रद्द होतात का?

हंगाम पूर्ण करून माघार घेतली तर नाही. पुणे एफसी आणि भारत एफसी यांचे २०१४-१५ चे सर्व सामने, गुण आणि गोल अधिकृत नोंदीत कायम आहेत.

हंगामाच्या मध्यात संघ बाहेर पडला तर प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीप्रमाणे निर्णय होतो; काही ठिकाणी त्याचे सर्व निकाल पुसले जातात, काही ठिकाणी उरलेले सामने प्रतिस्पर्ध्याला बहाल होतात. या संदर्भात वाचक मोहन बागानचे उदाहरण देतात. ९ डिसेंबर २०१२ रोजी ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने सय्यद रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानात उतरलाच नाही. अखिल भारतीय महासंघाने आधी क्लबवर बंदी घातली, नंतर ती उठवून दंड केला आणि संघाचे गुण शून्यावर आणले. अशा अवस्थेतून सावरून त्या क्लबने २०१४-१५ चे विजेतेपद मिळवले.

१४. एकच खेळाडू त्या वर्षी आयएसएल आणि आय-लीग दोन्हींत कसा खेळला?

दोन्हींचे वेळापत्रक एकमेकांवर येत नव्हते. ऑक्टोबर ते डिसेंबर आयएसएल, त्यानंतर फेडरेशन करंडक (११ जानेवारी २०१५ च्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने डेम्पोला २-१ असे हरवले) आणि मग जानेवारी ते मे आय-लीग, असा क्रम होता. अनेक भारतीय खेळाडू आय-लीग क्लबांकडून आयएसएल संघांकडे काही महिन्यांसाठी दिले गेले आणि परत आले. म्हणून एखाद्या खेळाडूच्या कारकिर्दीच्या तक्त्यात २०१४ च्या पुढे दोन क्लबांची नावे दिसली तर ती चूक समजू नये.

१५. फुटबॉलवेडे कोल्हापूर या लीगमध्ये का नव्हते?

पुण्याचे दोन क्लब आणि कोल्हापूरचा एकही नाही, हे कोल्हापूरकरांना खटकते आणि त्यांचे खटकणे रास्त आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा तालमी आणि क्लबांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जमणारी गर्दी पुण्याला कधी लाभली नाही. पण तिथले फुटबॉल पेठा आणि तालमी यांच्या निष्ठेवर उभे आहे, आणि राष्ट्रीय लीगला लागतात ते नोंदणीकृत कंपनी, पगारी कर्मचारी, वयोगटांचे संघ आणि देशभर प्रवासाचा खर्च उचलणारा मालक. प्रश्न १० मधील पाच बाजूंपैकी प्रेक्षकसंख्या कोणत्याच बाजूत स्वतंत्रपणे मोजली जात नाही.

१६. पुण्याचा क्लब आज अव्वल लीगमध्ये यायचा असेल तर मार्ग कोणता?

२०२२-२३ मध्ये आयएसएल ही अव्वल श्रेणी आणि आय-लीग ही तिच्या खालची श्रेणी ठरली. त्या वर्षी आय-लीग जिंकून पंजाबचा संघ आयएसएलमध्ये गेला. मैदानावरच्या कामगिरीवर अशी बढती मिळवणारा तो पहिला. त्यामुळे पुण्यातील क्लबाला जिल्हा संघटनेच्या आणि राज्याच्या लीगमधून राष्ट्रीय पातळीवरच्या खालच्या श्रेणीत, तेथून आय-लीगमध्ये आणि मग वर, असे एकेक पायरी जावे लागेल, आणि राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्यावर परवान्याच्या अटी त्याला लागू होतील.